अच्युतकाकांनी सुधारून दिलेला अर्ज

ऐक ना अमिता, तू फक्त ऐक. मधे 'अय्या' नको, 'मग पुढं?' नको, चहा गार झाला तर होऊ दे. आणि हे आधीच सांगते, हर्षाला विचारूनच सांगून राहिली आहे. काल रात्रीच फोन केला तिला. म्हटलं, माझी मैत्रीण नागपूरहून आलीये चार दिवस, तिला सांगू का?  ती म्हणाली, "सांगा दीदी. पण सांगाल तर पूर्ण सांगा." म्हणून पूर्ण सांगते. त्या मुलाचं नाव तेवढं विचारू नको, ते मी घेणार नाही.

तर मी हॉलमध्ये उभी. समोर फर्स्ट इयरची दीडशे पोरं-पोरी, आणि हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला अच्युतकाका.

आपले अच्युतकाका गं, ऑफिसमधले! तू कॉलेज सोडलं तेव्हा तुझी टीसी त्यांनीच काढून दिली होती ना. तू गेल्यावर मी कॉलेजच्या तक्रार समितीत आले. कोणी कोणाला त्रास दिला, अंगाला हात लावला, मागं लागलं, तर ते ऐकायला ही समिती असते. त्यात तीन विद्यार्थी घेतात, त्यातली एक मी. केमिस्ट्रीच्या चौबे मॅडम अध्यक्ष, आणि कागदपत्रं बघायला अच्युतकाका. नवीन बॅच आली की आम्ही तिची शाळा घेतो. हो म्हणजे काय, नाही म्हणजे काय, गप्प बसली म्हणजे हो नसतं, एकदा हो म्हटलं तरी परत घेता येतं, असं सगळं. मला ते बोलायला एवढं आवडतं की चौबे मॅडम म्हणतात, "अपूर्वा, साँस तो ले लो."

त्यात एक खेळ आहे. दोघं दोन टोकांना उभे राहतात. एक चालत येतो, दुसऱ्याला जिथं नको वाटेल तिथं त्यानं 'थांब' म्हणायचं, आणि येणाऱ्यानं तिथंच थांबायचं. पोरं लाजून राहिली होती, कोणी पुढं येईना. काका प्रोजेक्टरची वायर गुंडाळत होते, मी त्यांनाच उभं केलं. म्हटलं, "काका, थांब म्हणायचं हां!" आणि मी निघाले. आले, आले, काका काही बोलेचनात. पार त्यांच्या चपलेला माझा बूट लागला. ते भिंतीला टेकलेले, कपाळावर घाम, हसून राहिले होते कसंबसं. दीडशे पोरं खो खो.

"काका, थांब काहून नाही म्हटलं?"

"तू एवढ्या उत्साहानं येऊन राहिली होती बेटा," ते म्हणाले, "तुला वाईट वाटलं असतं."

मी माइकवर म्हटलं, बघा, हेच चुकतं आपलं! टाळ्या-बिळ्या. मला वाटलं, काय झकास शिकवते मी.

पोरं गेल्यावर एक मुलगी मागं राहिली. बारीकशी, दोन वेण्या, उजवा हात प्लास्टरमध्ये. माझ्या बॅगवर माझं नाव लिहिलेलं आहे, ते वाचून, या हिंदी गावात, चक्क मराठीत म्हणाली, "दीदी, तुम्ही म्हटलं ना, हो परत घेता येतं. हात धरू दिला असला तरी येतं का?"

मी म्हटलं, "येतं."

"आणि त्याच्यासोबत स्वतःहून गेली असली तरी?"

ती हर्षा. इथून जवळच्या पाटणची. तिच्या बाबांचं तिथं पंपाच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. हॉस्टेलला राहते. पंधरा दिवस तिनं सगळ्यांना सांगितलं होतं की हात बाथरूममध्ये घसरून मोडला.

मी तिला घेऊन सरळ ऑफिसात. तिचा लिहायचा हात प्लास्टरमध्ये, म्हणजे तिनं सांगायचं आणि आम्ही लिहून घ्यायचं, नियम आहे तसा. आता काकांचं टेबल तुला आठवतं ना? खिडकीजवळ, समोर नेहमी तीन-चार पोरं. काहून? अर्ज सुधारून घ्यायला! तीस वर्षं सगळ्या कॉलेजचे अर्ज तेच सुधारून देतात. पोरगं लिहून आणायचं, 'पेट खराब था', काका करायचे 'उदर-विकार के कारण'. एकानं खरंखरं लिहिलं होतं, मामाच्या लग्नात नाचून पाय मुरगळला म्हणून प्रॅक्टिकल बुडालं. काकांनी केलं 'पारिवारिक दायित्वों के निर्वहन में चोटिल'. ते म्हणायचे, अर्ज म्हणजे अंगावरचे कपडे असतात बेटा. माणूस झाकला पाहिजे. आणि अर्ज मंजूर व्हायचे गं! माझी हॉस्टेलची फी-माफी त्यांच्याच भाषेनं झाली होती.

तर हर्षा बसली आणि बाजूच्या टेबलावरच्या बाबूंचं टायपिंग थांबलं. कान इकडे. काकांनी एकदा तिकडे बघितलं, आणि तिला हळूच म्हणाले, "मराठीत सांग. इथं कोणाला कळत नाही."

आणि ती बोलायला लागली. घरच्या भाषेत, जसं आईजवळ बोलतात तसं. मुलगा तिच्या भावाच्या ओळखीचा, थर्ड इयरचा. महिनाभर चॅट चालली होती. "मीच म्हटलं, ग्वारीघाटला जाऊ. नावेत बसलो. त्यानं हात धरला, मी धरू दिला. मला चांगलं वाटलं काका." असंच म्हणाली ती, खाली मान घालून. मग तो म्हणे रूमवर चहा पिऊ. ती गेली. चहा पिला. मग तो जवळ सरकला. "मी नाही म्हटलं. तो हसला. मी परत म्हटलं, मला हे नाही पाहिजे, मला हॉस्टेलला सोड. त्यानं दाराला कडी घातली. मग..." मग जे झालं ते तिनं सांगितलं, मी तुला नाही सांगत, तेवढं तिचं राहू दे. हात सोडवून कडी काढून पळाली, जिन्यावरून पडली, मनगट मोडलं.

काकांनी चष्मा काढून ठेवला होता. त्यांनी एक अक्षर लिहिलं नव्हतं तोवर. स्वतः उठून मटक्यातून पाणी आणून दिलं तिला. मग तासभर लिहीत बसले. काय ते अक्षर, दोन पानं, एक खोडाखोड नाही. हर्षापुढं ठेवून म्हणाले, "वाचून घे बेटा."

ती म्हणाली, "तुम्ही लिहिलं ना काका. बरोबरच असेल. मला परत नाही बघवत." आणि डाव्या हातानं सही केली, लहान पोरांची असते तशी वाकडी.

आठ दिवसांनी पहिली बैठक झाली. बंद खोली, लांब टेबल, चौबे मॅडम मधे, आम्ही समितीवाले दोन्ही बाजूंना, काका कोपऱ्यात नोंदी घ्यायला. तो मुलगा समोरच होता; मधे पडदा लावू का विचारलं तर हर्षा नको म्हणाली, तशीच बसली. मॅडमनी अर्ज वाचला. 'प्रार्थिनी अनावेदक से भली-भाँति परिचित भी नहीं है. दिनांक अमुक को अनावेदक ने बहाने से प्रार्थिनी को बुलाया और उसकी इच्छा के विरुद्ध घाट पर तथा तत्पश्चात अपने कमरे पर ले गया...' म्हणजे काय, तर ती त्या मुलाला नीट ओळखतही नाही आणि त्यानं तिला तिच्या मनाविरुद्ध नेलं!

अमिता, हर्षाची मान वर आली. ती काकांकडे बघून राहिली.

त्या मुलाला काही बोलायची गरजच पडली नाही. त्यानं फोन टेबलावर सरकवला. नावेतला सेल्फी. दोघं हसून राहिलेले, तिच्या ओढणीवर ऊन. आणि चॅट. 'ग्वारीघाट चलें?' तिचाच मेसेज, तिच्याच नावानं, हार्ट लावलेला.

मॅडम म्हणाल्या, "हर्षा, ये तुम हो?"

"जी."

"तो यहाँ लिखा है परिचित भी नहीं? इच्छा के विरुद्ध?"

 काय बोलणार? सही तिची. मुलाचे वडील बाहेर होते, त्यांचा आवाज दारातून आत, "झूठी शिकायत पर भी कार्रवाई होती है, मैडम!" मॅडमनी सोमवारची तारीख दिली आणि म्हणाल्या, सोमवारी जर काही नवीन आलं नाही तर हे प्रकरण खोटं म्हणून बंद करावं लागेल. अर्जाची पहिलीच ओळ खोटी निघाली तर पुढच्यावर कोण विश्वास ठेवेल?

कोपऱ्यात काकांचं पेन कागदावर टेकलेलंच होतं. खाली शाईचा एवढा मोठा डाग.

संध्याकाळी हर्षाचे बाबा आले, बाबाराव. पाटणहून मोटारसायकलवर. हाताला ग्रीस, खिशात पाना. त्यांना हॉस्टेलच्या बाईंनी फोनवर एवढंच सांगितलं होतं की मुलीनं खोटी तक्रार केली. फाटकाशी उभे राहून म्हणाले, "सामान बांध."

"बाबा, मी खोटं नाही बोलली."

"मी कुठं म्हटलं बोलली? पण सगळे म्हणून राहिले ना. सोमवारी हे काय ते होऊन जाऊ दे, मग घरी चाल. बीएस्सी काय, पाटणला बसूनही होते."

ती रात्र तिनं माझ्या खोलीवर काढली. रडली नाही. एवढंच म्हणाली, "दीदी, मी नाही म्हटलं होतं, ते कुठंच नाही लिहिलेलं. पूर्ण अर्जात नाही. मी शोधलं."

आणि खरंच नव्हतं! काकांच्या अर्जात ती कधी हो म्हणालीच नव्हती, मग नाही कुठून म्हणणार?

रविवारी सकाळी आम्ही महाराजपुरला, काकांच्या घरी. दार वसुधाकाकूंनी उघडलं. गोऱ्या, ठेंगण्या, हातात पोह्यांचा झारा. "या या, अपूर्वा ना? आणि ही कोण? हाताला काय झालं गं बाई?" आम्ही काही बोलायच्या आत समोर प्लेटा. पोहे, वर शेव आणि जिरावणाचा मसाला. काका आतून आले, हर्षाला बघितलं आणि दारातच थांबले. दाढी वाढलेली. मी त्यांना कधी दाढी वाढलेली बघितलं नव्हतं.

हर्षा सरळच म्हणाली, "काका, काहून बदललं?"

काकू म्हणाल्या, "काय बदललं?"

काका सोफ्याच्या कडेवर बसले. "मी तुझं वाईट करायला नाही केलं बेटा. तू स्वतःहून गेली, हात धरू दिला, चांगलं वाटलं, हे असलं त्या लोकांपुढं वाचलं गेलं असतं. वकील असतो कोणाचा, बाप असतो. ते काय म्हणाले असते तुला? मी म्हटलं, झाकावं. माझी अवंतिका असती तरी असंच लिहिलं असतं मी."

अवंतिका त्यांची मुलगी, बंगलोरला असते.

काकूंनी मग सगळं विचारून घेतलं. हर्षानं सांगितलं, दुसऱ्यांदा. काकू झारा हातात धरून उभ्याच्या उभ्या ऐकत होत्या. मी पोह्यांकडे बघत होते. संपल्यावर काकू नवऱ्याकडे वळल्या.

"आपलं लग्न ठरायच्या आधी मी तुमच्यासोबत भंवरताल गार्डनला आली होती. आठवते?"

काका लाल. "पोरींसमोर काय..."

"आठवते का नाही? घरी सांगितलं होतं शिवणाच्या क्लासला चालली. दोन तास बसली होती तुमच्याजवळ. माझा अर्ज लिहिला असता तर काय लिहिलं असतं तुम्ही? बहाण्यानं नेलं?"

"ते वेगळं होतं वसुधा."

"वेगळं काहून होतं? मी स्वतःहून आली होती. मला चांगलं वाटलं होतं." काकूंनी झारा खाली ठेवला. "वेगळं एवढंच, की मी म्हटलं आता घरी जायचं, तर तुम्ही उठून सायकल आणली. तुम्ही चांगले होते म्हणून मी चांगली राहिली का हो? आणि त्या दिवशी तुम्ही तसे निघाले असते तर? मी वाईट झाली असती?"

 बाहेर शेजारचा माणूस स्कूटर धुवून राहिला होता, त्याचा पाण्याचा आवाज.

काका म्हणाले, "वीस दिवस राहिलेत रिटायरमेंटला. तीस वर्षांत एक मेमो नाही मला."

"माहीत आहे," काकू म्हणाल्या. "त्याच्यासाठी मीच नवीन शर्ट घेऊन ठेवला आहे." आणि आत गेल्या. हर्षाच्या प्लेटीत पोहे तसेच होते. काकू परत आल्या तर हातात चमचा, हर्षाजवळ बसल्या आणि भरवायलाच लागल्या. "डाव्या हातानं कशी खाशील गं? खाऊन घे."

सोमवार.  बाबाराव बाहेर बाकावर बसलेले, पायाशी हर्षाची पेटी बांधून तयार. आत सगळे आपापल्या जागी. मॅडमनी फाइल उघडली, "हाँ, तो..." म्हणेपर्यंत काका कोपऱ्यातून उठले. दाढी केलेली.

"मैडम, एक निवेदन है. मौखिक."

"अच्युतजी, आप बाद में..."

"मैडम, ये बयान मेरा है. इस बच्ची का नहीं है."

 मग काकांनी सांगितलं. उभं राहून, हात मागं बांधून, शाळेतली पोरं उभी राहतात तसे. तिनं मराठीत काय सांगितलं, त्यांनी हिंदीत काय केलं, काहून केलं. एकही मोठा शब्द नाही वापरला गं त्यांनी! उदर-विकारवाले काका! "उसने कहा था मैं अपनी मर्ज़ी से गई. मैंने काट दिया. मुझे शर्म आई. उसे नहीं आई थी, मुझे आई."

त्या मुलाचा बाप आज आत होता, तो उसळला, "अब कहानी बदल रहे हैं!" मॅडमनी त्याला बाहेर बसवलं. मग काकांना म्हणाल्या, तुम्हाला समजतंय ना याचा अर्थ काय होतो? अभिलेखाशी छेडछाड, म्हणजे नोंदीत फेरफार. काका म्हणाले, "जी. पाँच नंबर की धारा है, मैंने ही टाइप की थी."

मग मॅडम हर्षाला म्हणाल्या, परत सांगशील? आज? ती म्हणाली सांगते. आणि मॅडमनी विचारलं, लिहील कोण? हर्षा म्हणाली, "काकाच लिहू दे."

अमिता, ते बघायला पाहिजे होतं तू. ती एक वाक्य सांगायची, काका लिहायचे, मग मान वर करून तिला वाचून दाखवायचे. "हेच म्हटलं ना बेटा?" ती हो म्हणाली की पुढचं. एकदा ती म्हणाली, नाही काका, 'ढकललं' नाही, 'अडवलं' म्हटलं मी. त्यांनी खोडलं. काकांच्या कागदावर खोडाखोड! 'मुझे अच्छा लगा' इथं त्यांनी चष्मा काढून पुसला. एवढा म्हातारा माणूस, भरल्या खोलीत, दुसऱ्याच्या पोरीचं ते वाक्य. पण वाचलं. "हेच म्हटलं ना?" ती म्हणाली, "हेच म्हटलं." मग 'मैंने मना किया'. दोनदा. दोन्ही वेळा लिहिलं त्यांनी, वेगवेगळ्या ओळीवर.

मग मॅडम त्या मुलाकडे वळल्या. फोन त्याच्या हातातच होता, फोटो उघडून बसला होता बिचारा, आता दाखवायचा कोणाला? ती स्वतःच सांगून मोकळी झाली होती की मी गेले, मी हसले. मॅडमनी शांतपणे विचारलं, "इसने मना किया, तुमने सुना था?"

तो म्हणाला, "सुना तो था मैडम. पर आई तो अपनी मर्ज़ी से थी ना."

एवढंच. मॅडमनी काकांना सांगितलं, ये भी लिखिए. काकांनी लिहिलं, त्यालाही वाचून दाखवलं, "यही कहा ना बेटा?" आणि तो हो म्हणाला! त्याला अजून कळलंच नव्हतं की तो काय बोलून बसला.

बाहेर आलो तर बाबाराव उभे. दार काही एवढं जाड नाही आपलं, काय ऐकलं काय नाही देव जाणे. त्यांनी हर्षाकडे बघितलं, पेटीकडे बघितलं, परत हर्षाकडे. म्हणाले, "मेस बंद झाली असेल आता. काही खाल्लं का तू?" मग पेटी स्वतः उचलून हॉस्टेलच्या जिन्यापर्यंत नेली, वर न्यायची परवानगी नव्हती तर तिथंच ठेवली, आणि मोटारसायकलला किक मारून पाटणला निघून गेले. एकटेच.

मुलाला दोन वर्षांसाठी काढलं कॉलेजातून. पुढं पोलिसांत जायचं की नाही ते हर्षा ठरवेल, मॅडमनी तिला एका वकीलबाईंचा नंबर दिला आहे.

आता थांब. चहा पिऊ नको. एक गोष्ट मी मघाशी गाळली.

त्या पहिल्या दिवशी, ऑफिसात, हर्षानं न वाचता सही केली ना? त्यानंतर काका म्हणाले होते, "अपूर्वा, तू तरी नजर टाक." आणि मी टाकली. अमिता, मी तो कागद वाचला होता. दोन्ही पानं. हर्षा बाजूलाच बसली होती, तिनं बघितलं मी वाचताना. समितीत मी, तिचं बरोबर लिहिलं गेलं की नाही ते बघायचं काम माझं. मला दिसलं की ती म्हणाली ते हे नाही. दिसलं! आणि मला काय वाटलं माहीत आहे? वाटलं, बरं केलं काकांनी. केस मजबूत होईल. असंच ठीक दिसतं. दोन तासांआधी मी माइकवर दीडशे पोरांना सांगून आले होते की एकदा हो म्हटलं तरी परत घेता येतं. टाळ्या घेऊन आले होते. आणि म्हटलं, "मस्त लिहिलंत काका."

पहिल्या बैठकीत मी गप्प. पोह्यांसमोर गप्प. आणि त्या सोमवारी, काका उभे होते तेव्हा मॅडमनी सरळ विचारलं, "जमा करने से पहले ये किसी और ने पढ़ा था?"

काकांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "नहीं मैडम. किसी ने नहीं."

हर्षानं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. नुसतं बघितलं. मी पाण्याची बाटली उघडली, बंद केली. आणि मग मॅडम पुढं गेल्या.

काकांना नोटीस मिळाली. चौकशी लागली म्हणून प्रिन्सिपॉल म्हणाले निरोपसमारंभ आता नको, बरं नाही दिसणार. काल तीस तारीख होती. शेवटचा दिवस. समारंभ रद्द झाला हे काकांनी घरी सांगितलंच नव्हतं. तर साडेचार वाजता काकू ऑटोतून उतरल्या. काठाची साडी, गजरा, हातात स्टीलचा मोठा डबा, पूर्ण स्टाफसाठी करंज्या. त्यांनी स्वतः केलेल्या, शंभर तरी असतील. काका फाटकाशी त्यांना घ्यायला गेले. नवीन शर्ट घालून आलेले होते, घडीच्या रेषा अजून तशाच. दोघं काय बोलले मला ऐकू नाही आलं. काकू थोडा वेळ डबा धरून उभ्या राहिल्या. मग सायकल स्टँडजवळच्या कट्ट्यावर बसल्या, डबा उघडला, आणि येईल-जाईल त्याला करंजी द्यायला लागल्या. कोणाला माहीत पण नव्हतं काहून वाटून राहिल्या. पोरं 'थैंक्यू आंटी' म्हणून घेऊन जात होती. हर्षा आली, तिचं प्लास्टर निघालं आहे, ती काकूंच्या बाजूला बसून उजव्या हातानं वाटू लागली. काका उभे, प्रत्येकाला नमस्कार करून राहिले होते, शिपायाला पण, फर्स्ट इयरच्या पोरांना पण.

मी जिन्याच्या आडोशाला होते. काकूंनी बघितलं मला. "अपूर्वा, ये ना गं, तू काहून लांब?" काका म्हणाले, "येऊ दे तिला, तिचं अजून कॉलेज, नोकरी, सगळं व्हायचं आहे." काकूंनी डब्याच्या तळातून एक न तुटलेली शोधून माझ्या हातावर ठेवली.

आणि मी खाल्ली अमिता. तिथंच उभं राहून, पूर्ण खाल्ली.

आता बोल. मॅडमनी विचारलं, 'किसी और ने पढ़ा था?', काका म्हणाले नाही, आणि त्या खुर्चीत माझ्या जागी तू बसली असतीस. तू काय केलं असतंस?